एकच सेंट, शेकडो जोड्या: जुन्या अमेरिकी तांब्याची ओळख पटवणारी पुस्तकं

काही वर्षांपूर्वी मी १७९९ सालचा एक अमेरिकी सेंट विकत घेतला. अमेरिकेने १७९३ ते १८५७ या काळात तांब्याचे मोठे सेंट पाडले. आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्याच्या आसपास आकार, हातात घेतला की चांगला जड लागणारा. या सगळ्या मालिकेत १७९९ हे साल सर्वांत दुर्मीळ मानलं जातं. विकणाऱ्याने किंमत बरीच कमी सांगितली आणि मी घाई केली.

रात्री घरी भिंग काढलं आणि पुस्तक उघडलं. १७९९ च्या पानावर दोनच व्हरायटी, म्हणजे ठशांच्या जोड्या होत्या, एस-१८८ आणि एस-१८९ (एस म्हणजे पुस्तकाचे लेखक शेल्डन यांचा क्रमांक). म्हणजे खरा १७९९ चा सेंट बहुधा या दोहोंपैकीच एक असणार. माझं नाणं दोन्हींशी जुळेना. केसांच्या बटा आणि सालाचे आकडे यांच्यातलं अंतर वेगळं, मागच्या पानांची टोकं वेगळ्या अक्षरांखाली. मग मी पुस्तकाची पानं मागे उलटत गेलो. १७९८ च्या सेंटला एस-१४४ पासून एस-१८७ पर्यंत ४४ क्रमांक आहेत. तासाभराने त्यातल्या एकाशी माझं नाणं अक्षर न् अक्षर जुळलं. कुणीतरी शेवटचा ८ कोरून त्याचा ९ केला होता.

पैसे गेले ते गेले. पण त्या रात्री पहिल्यांदा कळलं की ही पुस्तकं नक्की काय काम करतात. तोवर मी त्यांना किमतींची यादी समजत होतो.

नाण्याला दोन बाजू असतात, छापा आणि काटा. सेंटच्या छाप्यावर लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा आणि खाली साल. काट्यावर पानांचा गोल हार, त्याच्या आत ‘वन सेंट’, भोवती देशाचं नाव आणि १८०७ पर्यंतच्या बहुतेक सेंटवर तळाशी १/१०० हा अपूर्णांक. दोन्ही बाजूंसाठी पोलादाचे दोन वेगळे ठसे लागतात. त्यांना डाय म्हणतात. कोरी चकती खालच्या डायवर ठेवायची आणि वरच्या डायचा दाब द्यायचा की नाणं तयार.

आता खरी गोम. १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियात टांकसाळ उभी राहिली तेव्हा डाय हाताने बनत. चेहरा सुरुवातीला कोरून आणि पुढे मोठ्या पंचाने (ठोकून उमटवायच्या छोट्या ठशाला पंच म्हणतात) उमटवला जाई, पण अक्षरं, आकडे आणि हारातली बारीक फळं कारागीर एकेक करून ठोके. एक अक्षर, एक पंच, एक हातोडीचा घाव. हात जरा सरकला की आर थोडा वर चढला, टी कलला, सालातला ७ उजवीकडे झुकला. त्यामुळे कोणतेही दोन डाय एकसारखे नाहीत. आणि डाय टिकायचेही कमी. पोलाद नीट कडक झालं नसेल तर काही दिवसांत तडा. छाप्याचा डाय फुटला तर काट्याचा चालू राही आणि त्याची नव्या छाप्याशी सोयरीक जमे. पुढे तो काटाही फुटला की छाप्याला दुसरा काटा. एका छाप्याची आणि एका काट्याची अशी एक जोडी म्हणजे एक व्हरायटी.

शिवराई जमवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. एका शिवराईवर ‘शिव’ तर दुसरीवर ‘सिव’, कुठे छत्रपतीचा ति ऱ्हस्व तर कुठे दीर्घ. तिथेही हात माणसाचाच होता. फरक एवढाच की अमेरिकी सेंटच्या बाबतीत गेली दीडशे वर्षं लोकांनी प्रत्येक डाय स्वतंत्र मोजला, त्याला क्रमांक दिला आणि त्याचं चित्र छापलं.

डायला तडा गेला तर नाण्यावर खड्डा पडत नाही, उंच रेघ उमटते. दाबाखाली तांबं त्या भेगेत शिरतं म्हणून. ही रेघ नाण्यागणिक लांबत जाते. एकाच व्हरायटीची दहा नाणी रांगेत ठेवली तर तडा आधी नसतो, मग केसाएवढा दिसतो, मग काठापर्यंत पोचतो, शेवटी डायचा तुकडाच निखळलेला दिसतो. याला डायची अवस्था म्हणतात. कोणतं नाणं आधी पाडलं आणि कोणतं नंतर, हे यावरून सांगता येतं. एखादा काटा एका जोडीत धड असेल आणि दुसऱ्या जोडीत तडकलेला, तर पहिली जोडी आधीची. टांकसाळीच्या कागदांत न सापडणारा क्रम अशा रेघांवरून लावलेला आहे. मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

१८५७ मध्ये मोठा सेंट बंद झाला आणि अमेरिकेत लोक तो साठवू लागले. पुस्तकांची सुरुवात इथून होते. एप्रिल १८६९ मध्ये तिथल्या नाणकशास्त्राच्या नियतकालिकात १७९३ च्या सेंटचं एक छायाचित्रपान आलं. ते जोसेफ लेविक यांनी जमवलं होतं आणि वर्णन सिल्व्हेस्टर क्रॉस्बी यांचं होतं. पहिल्याच वर्षाच्या सेंटची ती ओळखपरेड म्हणता येईल. १७९३ चे सगळ्यात पहिले सेंट काट्यावर साखळी असलेले आहेत, पंधरा राज्यांच्या पंधरा कड्या. त्यातल्या एका डायवर कारागिराला जागेचा अंदाज आला नाही आणि ‘अमेरिका’ लिहिताना ‘अमेरि.’ असं आखडून टिंब द्यावं लागलं. आज हाच सेंट एस-१, यादीतला पहिला.

त्याच १८६९ साली फिलाडेल्फियाचे डॉक्टर एडवर्ड मॅरिस यांनी १७९४ या एकाच वर्षाच्या सेंटवर छोटं पुस्तक काढलं. मॅरिस यांनी व्हरायटींना नुसते क्रमांक दिले नाहीत, नावं ठेवली. एकीला ‘दुहेरी हनुवटी’, एकीला ‘पडलेला ४’, एकीला ‘तिरका ४’, एकीला ‘व्हीनस मरीना’, एकीला ‘पॅटागोनियन’. गावात माणसाला आडनावापेक्षा टोपणनावाने चटकन ओळखतात तसं. ही नावं लक्षात राहतात, कारण ती नेमकी जिथे बघायचं तिथेच डोळा नेतात. दुहेरी हनुवटी म्हटलं की तुम्ही हनुवटीकडे बघता आणि काम झालेलं असतं. क्रमांकांच्या तीन पिढ्या येऊन गेल्या तरी संग्राहकांच्या तोंडी ती नावं अजून आहेत.

मॅरिस यांच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १८७७ मध्ये हेन्री चॅपमन या तरुणाला १७९४ चा एक सेंट दिसला. त्याच्या काट्यावर कडेच्या दातेरी नक्षीच्या मधे मधे पाच टोकांच्या इवल्या चांदण्या होत्या. मोजल्या तर ९४. त्या तिथे का आहेत हे सांगणारा कागद नाही. शेल्डनच्या क्रमात हा एस-४८. झिजलेल्या नाण्यावरही एखाद-दुसरी चांदणी शिल्लक राहते, म्हणून १७९४ चा कुठलाही सेंट हाती आला की लोक आधी कड तपासतात.

आता शेल्डन. विल्यम शेल्डन हे मानसशास्त्रज्ञ, माणसांच्या शरीरयष्टीचे प्रकार पाडण्याबद्दल प्रसिद्ध. १९४९ मध्ये त्यांनी १७९३ ते १८१४ च्या सेंटचं पुस्तक लिहिलं. १९५८ मध्ये डोरोथी पॅशल आणि वॉल्टर ब्रीन यांच्या मदतीने ते ‘पेनी व्हिम्झी’ या नावाने सुधारून आलं. एस-१ ते एस-२९५ हे क्रमांक त्यांचे, आणि आजही चालतात ते हेच.

क्रमांकांचा पसारा नुसता पाहिला तरी टांकसाळीची हकीकत कळते. १७९४ ला एस-१७ ते एस-७२. १८०४, १८०६ आणि १८०९ ला प्रत्येकी एकच क्रमांक, म्हणजे वर्षभर एकच जोडी. म्हणून १८०४ चा सेंट पारखायला सोपा. सालातला ० आणि मागच्या बाजूच्या ‘ऑफ’मधला ओ बरोबर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असतात. नाण्यातून आरपार टाचणी घातली तर ती दोन्हींच्या मधून जावी. तसं नसेल तर साल बदललेलं आहे.

शेल्डननी आणखी दोन गोष्टी रूढ केल्या. जगात ज्यांचे अगदी मोजके नमुने ठाऊक होते अशा व्हरायटींना त्यांनी मुख्य क्रम दिला नाही. त्यांना एनसी म्हणजे ‘जमवता न येणाऱ्या’ असं वेगळं ठेवलं. पुढे शोध वाढला, त्यातल्या काहींचे नमुने वाढले आणि त्या जमवता येण्याजोग्या झाल्या, पण एनसी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. दुसरी गोष्ट दुर्मिळतेची मोजपट्टी, आर-१ ते आर-८. आर-१ म्हणजे १,२५० हून जास्त नाणी माहीत असलेली. आर-५ म्हणजे ३१ ते ७५, आर-७ म्हणजे ४ ते १२, आर-८ म्हणजे तीन किंवा त्याहून कमी. हे आकडे पाडलेल्या नाण्यांचे नाहीत, आज शिल्लक आणि नोंदलेल्या नाण्यांचे आहेत. नवख्या माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो.

७० गुणांची पट्टीही त्यांचीच. अगदी झिजून कसाबसा ओळखू येणाऱ्या सेंटची किंमत एक मानली, तर टांकसाळीतून नुकत्याच निघाल्यासारख्या नाण्याची किंमत त्याच्या सत्तर पट, असा तो मूळ हिशेब. किमतीचं ते गणित लवकरच कोलमडलं. पट्टी मात्र जगभर पसरली. आज मुंबईतल्या लिलावात ब्रिटिशकालीन रुपयाच्या प्लास्टिकच्या डबीवर एमएस-६३ (एमएस म्हणजे न वापरलेलं नाणं) लिहिलेलं दिसतं, ती पट्टी मुळात या तांब्याच्या सेंटसाठी जन्मलेली आहे.

शेल्डनबद्दल एक काळी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. पिट्सबर्गचे उद्योजक जॉर्ज क्लॅप यांनी आपला सेंटचा मोठा संग्रह १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीला दिला होता. १९७७ मध्ये शेल्डन वारल्यानंतर उघडकीला आलं की त्यांनी तिथली उत्तम नाणी काढून त्याच व्हरायटीची हलकी नाणी जागेवर ठेवली होती. कुठल्या नाण्याऐवजी कुठलं ठेवलं तर पटकन कळणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पकडलं ते जुन्या छायाचित्रांनी. तांब्याच्या प्रत्येक नाण्यावर स्वतःचे ओरखडे आणि टवके असतात, ते फोटोतल्या नाण्याशी ताडून पाहिले गेले. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेलं आणि निकाल सोसायटीच्या बाजूने लागला. त्यांचं पुस्तक मी रोज वापरतो आणि ही गोष्ट मला दर वेळी बोचते.

पुस्तक हातात घेऊन नाणं ओळखायचं कसं? समजा साल झिजलेलं आहे, पण लिबर्टीच्या खांद्यावर वस्त्र आणि केसांत फीत दिसते. हा चेहरा १७९६ ते १८०७ चा. आता खांद्याजवळच्या केसांकडे बघा. तिथे एक जादा बट असेल तर नाणं १७९८ किंवा त्यानंतरचं. नसेल तर १७९६ ते १७९८ मधलं. नाणं उलटा. हाराच्या वरच्या टोकाला उजवीकडे एकच पान आहे की दोन जोडून आहेत? यावरून काट्याची घडण कळते. मग अपूर्णांक. मग डाव्या-उजव्या फांदीवरची फळं मोजा. मग कोणत्या पानाचं टोक कोणत्या अक्षराखाली येतं ते बघा, टोक अक्षराच्या मधोमध आहे की डाव्या पायाखाली. दोन-तीन पायऱ्यांत चाळीस व्हरायटी गळून चार उरतात. चारांतून एक काढायला मात्र अर्धा तास लागू शकतो.

काही नाणी इतका वेळ घेत नाहीत. १७९६ चा एस-१०३ घ्या. ‘लिबर्टी’तला बी कारागिराने आधी उलटा ठोकला आणि मग सुलटा ठोकून सुधारला. दोन्ही ठशांचे पाय एकमेकांत मिसळून तो एच वाटतो, म्हणून हा सेंट ‘लिहर्टी’ नावाने ओळखला जातो. १८०१ चा एस-२१९ तर ‘तीन चुका’ म्हणूनच प्रसिद्ध. अपूर्णांकात १/१०० ऐवजी १/०००, हाराचा डावा देठ कोरायचाच राहिलेला आणि ‘युनायटेड’मधला यू असा ठोकलेला की दोन आय शेजारी उभे दिसतात. १/००० ची चूक त्या वर्षीच्या एकाहून जास्त काट्यांवर आहे, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नये. देठ तपासावा.

वजनकाटाही जवळ असावा. १७९५ च्या अखेरीस सेंटचं वजन १३.४८ ग्रॅमवरून १०.८९ ग्रॅमवर आणलं गेलं. चकती पातळ झाली, त्यामुळे काठावर ‘शंभरांचा एक डॉलर’ या अर्थाची अक्षरं कोरणंही थांबलं. १७९५ च्या सेंटला आधी तराजूवर ठेवायचं, मग काठ बघायचा, मग पुस्तक उघडायचं.

पुढच्या काळात बऱ्याच कोऱ्या चकत्या इंग्लंडमधून, बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो कारखान्यातून येत. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ ची तराजूछाप तांब्याची नाणी पाडून घेतली ती याच सोहोत. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात १८१२ ला युद्ध पेटलं, चकत्यांचा पुरवठा तुटला, शिल्लक होत्या त्या १८१४ पर्यंत संपल्या. १८१५ सालाचा सेंटच नाही. शेल्डनचं पुस्तक १८१४ ला थांबतं आणि पुढचं १८१६ ला सुरू होतं ते यामुळे.

ते पुढचं पुस्तक हॉवर्ड न्यूकम यांचं, १९४४ मधलं. १८१६ ते १८५७ चे क्रमांक त्यांचे, एन अक्षराने सुरू होणारे आणि दर वर्षी पुन्हा एकपासून मोजलेले. त्यामुळे नुसतं एन-२ म्हणून काही कळत नाही, साल सांगावंच लागतं. १८३९ पर्यंतच्या सेंटसाठी आता जॉन राइट यांचं १९९२ चं पुस्तक जास्त सोयीचं. १८४० नंतर गाडी अवघड होते. तोवर सालाचे चारही आकडे एकाच पंचाने उमटू लागले आणि बाकीची नक्षी ठरावीक झाली. सगळे सेंट जुळ्या भावांसारखे. तिथे सालाचा पहिला १ कडेच्या कुठल्या दातावर येतो, डाय घासताना राहिलेला एखादा ओरखडा कुठे आहे, एवढ्यावर निकाल लावायचा. या काळासाठी बॉब ग्रेलमन यांची मार्गदर्शिका वापरतात. मी तिच्याशी अजून झगडतो आहे.

छायाचित्रांसाठी विल्यम नॉइस यांचे १९९१ चे खंड हवेत. शेल्डनच्या काळातली चित्रं लहान, नॉइस यांची मोठी आणि स्वच्छ. डायच्या अवस्थांसाठी ब्रीन यांचा १७९३ ते १८१४ वरचा ग्रंथ, जो त्यांच्या मृत्यूनंतर मार्क बोर्कार्ट यांनी संपादित करून २००० साली आणला. ब्रीन यांचा डोळा अफाट होता. इतिहासाबद्दलची त्यांची विधानं मात्र जपून घ्यावीत, पुष्कळ ठिकाणी कागदोपत्री आधार निघालेला नाही.

अर्ध्या सेंटची शाखा वेगळी. तेही १७९३ ते १८५७ चे, पण व्हरायटी खूप कमी, त्यामुळे नवख्याला इथून सुरुवात करायला मी सांगेन. एबेनेझर गिल्बर्ट यांचं पुस्तक १९१६ चं, रॉजर कोहेन यांचं १९७१ चं आणि सुधारित १९८२ चं, ब्रीन यांचं १९८३ चं. रोजच्या बोलण्यात कोहेनचे सी क्रमांक चालतात. १८०४ च्या अर्ध्या सेंटमध्ये हनुवटीतून एक काटेरी सुळका पुढे आलेला दिसतो. डायला काहीतरी कठीण लागून झालेली ती जखम आहे आणि ती लागल्यावरही डाय वापरातच राहिला. दुसरी गंमत १७९५ आणि १७९७ ची. तांबं कमी होतं म्हणून टांकसाळीने न्यूयॉर्कच्या टॅलबट, अॅलम अँड ली या पेढीची टोकनं विकत घेतली, कापली आणि त्यावरच अर्धा सेंट छापला. कधी कधी लिबर्टीच्या मानेखाली जुन्या टोकनवरच्या जहाजाची रेघ अजून दिसते.

टांकसाळ होण्याआधी कनेक्टिकट, न्यूजर्सी अशा राज्यांनी पाडलेल्या तांब्याची पुस्तकं हा स्वतंत्र डोंगर आहे. कनेक्टिकटसाठी हेन्री मिलर यांचं १९२० चं काम, न्यूजर्सीसाठी पुन्हा आपले मॅरिस, १८८१. तिथे क्रमांकाऐवजी जोडीच लिहितात, छाप्याला आकडा आणि काट्याला अक्षर. मॅरिस ५६-एन वरचा घोडा उंटासारखा दिसतो, म्हणून त्याचं नाव ‘उंटमुंडी’. ही नाणी बहुधा दुसऱ्याच नाण्यांवर पुन्हा छापलेली सापडतात.

सुरुवातीला कुठलं पुस्तक घ्यावं असं कुणी विचारलं तर मी शेल्डनचं पुनर्मुद्रण सांगतो. चित्रं जुनी आहेत, पण व्हरायटी शब्दांत कशी सांगायची ते त्यातून शिकायला मिळतं. जोडीला नॉइस. आणि १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्ली अमेरिकन कॉपर्स’ या संस्थेचं ‘पेनी-वाइज’ हे नियतकालिक, कारण छापील पुस्तकानंतर काय सापडलं ते तिथे येतं.

तो बदललेला सेंट मी विकला नाही. कागदी पाकिटात घालून वर पेन्सिलीने ‘१७९८, शेवटचा आकडा कोरलेला’ असं लिहिलं आणि त्याखाली त्याचा खरा क्रमांक. पाकीट पुस्तकात १७९८ आणि १७९९ च्या पानांच्या मधे ठेवलं आहे. त्याच्या काट्यावर काठापासून हारापर्यंत आलेला एक बारीक तडा आहे. तो पुस्तकातल्या चित्रात थोडा आखूड दिसतो.